न्हाव्याची दाढी

१४ जून १९५८, शनिवार

गाल खाजतो. सकाळी हर्नियाच्या म्हाताऱ्याची ऑपरेशनची तयारी केली. माझा वस्तरा त्याच्या पोटावर, त्याची नजर माझ्या तोंडावर. म्हणाला, "न्हावी अन् दाढी वाढलेला! सुताराच्या घराले दारच नाही म्हणा ना." हसला तसं पोट हललं. म्हटलं, बाबा, हसू नका, कापन.

फाटकाशी रहीमभाई मेकॅनिक इस्पितळाच्या गाडीत डोकं घालून उभा. ती गाडी चालते कमी आणि त्याच्या हाताखाली असते जास्त. तोही सोडीना.

"काय वस्ताद, माझ्यासंग शर्यत लावली काय? मी तं मेंदी लावतो, तू काय लावशीन?"

"नवस आहे."

"कायचा?"

"फिटला की सांगतो."

"फिटला की मी फुकट हजामत करून घेईन तुझ्याकडून. पहिले तुझी, मंग माझी."

१५ जून

नवस इथे लिहून ठेवतो. तोंडाने कोणाला सांगायचा नाही.

सिंधू, माझी एकुलती पोर, नर्सबायांच्या परीक्षेत नापास झाली. आमच्या धर्मादाय इस्पितळात वर्ग निघाला तेव्हा मीच तिला नेऊन घातलं. पहिल्याच दिवशी मोठ्या सिस्टरबाईने (पुढे मो. बाई लिहीन) विचारलं, बाप कोण? ही म्हणाली, इथलेच, पुरुषांच्या वॉर्डातले, ड्रेसिंग आणि हजामत करतात. "अस्सं? मग वस्तरा तुझ्याच हातात शोभेल."

तेव्हापासून बायकांच्या वॉर्डात प्रत्येक बाळंतिणीची तयारी सिंधूने करायची. केस काढायचे, भांडं धुवायचं आणि दाराबाहेर थांबायचं. दाराच्या आत बाकीच्या पोरी शिकायच्या. त्या हिला हजामतवाली म्हणत. परीक्षेच्या बाई नागपूरहून आल्या. म्हणाल्या, मूल धरून दाखव. हिने मूल कधी हातात घेतलंच नव्हतं. मान कशी सावरतात तेही ठाऊक नाही.

घरी आली. पांढरी साडी धुऊन दोरीवर टाकली. जेवली. रडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी केळापूरला चालत गेलो. लोक देवीला पोरंबाळं मागतात. मी म्हटलं, आई, त्या मोठ्या सिस्टरबाईच्या डोक्यावरची टोपी उतरव. चारचौघांत उतरव. तोवर माझ्या अंगाला वस्तरा लागणार नाही. उतरली की सगळे केस तुझ्या पायरीवर.

असं मागावं का, हे येताना वाटेत मनात आलं. पण रेड्याच्या मानेवर पाय देऊन उभी असलेली देवी आहे. राग म्हणजे काय हे तिला सांगावं लागत नसेल.

२३ जून

डॉक्टरसाहेबांनी बोलावलं. "ड्रेसरने दाढी ठेवायची नाही. जंतू असतात त्यात." नवस आहे म्हटल्यावर नरमले. त्यांच्या घरीही आईसाहेबांचे उपासतापास चालतात. म्हणाले, "मग तोंडाला फडकं बांध. आणि लवकर फेड."

मो. बाई तिथेच होती. टोपीला टाचणी लावीत होती. "मुलीसाठी बोललात ना नवस? फळेल हो. मीसुद्धा रामरायाला सांगेन."

मी खाली मान घालून मेहेरबानी म्हटलं. व्हरांड्यात आल्यावर हसू फुटलं. हातातली बादली खाली ठेवावी लागली. सांग बाई, जरूर सांग. दोन्हीकडून अर्ज गेला तर सुनावणी लवकर होईल.

८ जुलै

नेरहून पाहुणे आले होते सिंधूला पाहायला. चहा घेतला. मुलाचा मामा म्हणे, "इस्पितळातून काढून देल्ली म्हणते पोरीले. काहून?" मी म्हटलं, काढली नाही, नापास झाली. "एकच झालं." गेले, निरोप नाही.

सिंधूची आई माझ्यावर उसळली. "दाढी वाढवून पोरीचं लगन जमते काय? तुमाले पाहून त्याइले वाटलं, बैराग्याच्या घरी आलो."

सिंधू आतून म्हणाली, "बरं झालं. मले जायचंच नव्हतं."

बाकी, दुसऱ्या सिस्टरबाई उन्हाळ्यातच सोडून गेल्या. गळक्या खोलीत राहायचं, सुट्टी मागितली तर इस्पितळाचे शेठ म्हणतात धर्माचं काम आहे. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मो. बाई एकटीच दिवसा राबते, रात्री हाक आली की उठते. आज तिचे पाय पाहिले. सुजून चपलेच्या पट्ट्यातून वर आलेले. बरं वाटलं.

बरं वाटलं हे लिहिलं आहे. खोडत नाही.

२७ जुलै

अधिक महिना. संध्याकाळी घरात पोथी लावली आहे. वाचता वाचता राक्षसाचा मुकुट जमिनीवर पडतो तिथे आलो आणि मला टोपी दिसली. पांढरी, खळ दिलेली. चिखलात. पान उलटायचं राहिलं. सिंधूची आई म्हणाली, "अडलं काय?" नाही, डोळे चुरचुरतात.

देवा, मला क्षमा नको. मी मागितलेलं दे.

१९ ऑगस्ट

सिंधू गेल्यावर वस्तरा कमलच्या हाती आला आहे. मुकुटबनकडची पोर, सतरा-अठराची, भित्री. आज दुपारी मी वस्तरे परजत बसलो होतो. सगळ्या इस्पितळाचे वस्तरे माझ्याकडेच येतात. ती जवळ येऊन उभी राहिली.

"काका, वस्तरा कसा धरू? माह्या हाताले कापरं भरते. सिंधूताई करे तं पाहाले भी कोणी थांबे नाही, हलकं काम म्हनून."

मला दाखवता आलं असतं. बोटं कुठे, कातडी कशी ताणायची, मनगट मोकळं कसं सोडायचं. एका दुपारचं काम. मी तिच्याकडे पाहिलं आणि पट्ट्यावर पुन्हा वस्तरा ओढला.

"शिकवायचं काम मोठ्या बाईचं आहे. तिले विचार."

"त्या म्हनतात, यात काय शिकायचं."

"मंग झालं तं."

गेली. वस्तऱ्यांना मी नेहमीपेक्षा जास्त धार दिली. काम चोख पाहिजे. कोणी उद्या माझ्याकडे बोट दाखवायला नको.

१४ सप्टेंबर, रविवार

आज तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल ओढत फाटकापर्यंत आली होती. आत धावपळ. शेठजींची सून बाळंतपणाला आली. इस्पितळ शेठजींचंच, पण घरची बाई इथे पहिल्यांदा आली. मुलगा झाला. पेढे वाटले. मलाही मिळाला.

मग आयाने कानात सांगितलं. कमलच्या हातून तयारी करताना सुनेला कापलं. बरंच. मो. बाईने टाका घातला आणि कोणाला बोलू नका म्हणाली.

पेढा गोड होता.

२० सप्टेंबर

जखम चिघळली. सुनेला ताप. पेनिसिलिन चालू आहे. बाळ बरं आहे. देवीपुढे दिवा लावला आणि कशासाठी लावला ते मलाच कळेना. ती बाई वाचावी, हे खरं. जखमही इतक्यात भरू नये...

वाक्य पुरं करत नाही.

२२ सप्टेंबर

अपेक्षा नव्हती ते झालं. मो. बाईने सिंधूला बोलावणं पाठवलं. आता कोणतीच पोर वस्तऱ्याला हात लावत नाही आणि रोज बाळंतिणी येतात. मी म्हटलं, जाऊ नको. सिंधू उठली, साडी नेसली, गेली. आल्यावर सांगितलं, "मी बाईले म्हनलं, वस्तरा धरीन. पन तयारी झाली की भांडं धुवाले दुसरी पोर. मी दाराच्या आत राहीन."

"अन् ती?"

"हो म्हनाली. कायले नाही म्हनन? अडलं आहे तिचं."

पोर माझी आहे आणि माझ्यापेक्षा हुशार आहे. पण मला राग आला. मी चार महिने दाढी वाढवून बसलो आणि ही दारातून आत निघून गेली.

२९ सप्टेंबर

सिंधूने आज पहिलं मूल स्वतःच्या हाताने घेतलं. गोंडिणीचं, पहिलटकरणीचं. घरी आली तर हात पुढे धरून चालत होती, जसं अजून त्यात काही आहे. दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आई म्हणाली, बाळंतीण तू आहेस का ती?

मग बसून मो. बाईचं सांगू लागली. दोघी तासन् तास वाट पाहत बसतात, तेव्हा ती बोलते म्हणे. पंधराव्या वर्षी नवरा गेला. दहावा उरकला आणि घरच्यांनी न्हावी बोलावला. अंगणात पाट मांडला. ती परसातल्या दाराने निघाली ती मावशीकडे, तिथून नागपूरला नर्सिंगला. तिथेही ही विधवा म्हणून हिला कोणी रोग्याच्या पाण्याला शिवू देत नव्हतं. फक्त भांडी, घाण, मढी. टोपीखाली केस आहेत, लांब. रोज खोबरेल लावते.

"अजून बी न्हावी म्हनलं की तिचा हात टोपीवर जाते म्हने."

मी म्हटलं, "म्हणून तुले बाहेर उभी केली?"

"मी तेच इचारलं."

"काय म्हनाली?"

"पुढचा रुमाल दे म्हनाली."

थोड्या वेळाने सिंधू म्हणाली, "मी तिले माफ नाही केलं बाबा. शिकून घेऊन राह्यली."

आमचे बाबा गावी ब्राह्मणआळीत जायचे तशा कामाला. परत आले की विहिरीवर डोक्यावरून पाणी घेत आणि त्या दिवशी जेवत नसत. आईने एकदा विचारलं तर म्हणाले, "ती रडत नव्हती, हेच वाईट."

हे मला का आठवलं? आठवायला नको होतं. तिने भोगलं म्हणून माझ्या पोरीने भोगावं, हा कुठला हिशेब? भोगलेल्याला तर जास्त कळायला पाहिजे.

नवस नवसाच्या जागी.

४ ऑक्टोबर

शेठजी आले. सून उठून बसते आता, पण सहा आठवडे तिला माहेरी पाठवणार. कोणाच्या हातून झालं, म्हणून डॉक्टरसाहेबांच्या खोलीत आवाज चढला. मो. बाई म्हणाली, "वस्तऱ्याला धार नसेल."

म्हणजे मी.

मला आत बोलावलं. शेठजी: "तुम ही धार लगाते ना? बोथट वस्तरा देतोस माझ्या सुनेसाठी? बैठ जा घरी. दसऱ्याच्या आधी सगळ्या ट्रस्टींसमोर फैसला."

बोथट. चाळीस वर्षं वस्तरा धरतो आहे. मिसरूड फुटायच्या आधीपासून. बापाने मारलं त्यासाठी, उपाशी ठेवलं त्यासाठी. इस्पितळात लोक मला नावाने ओळखत नाहीत, पण माझ्या धारेला ओळखतात. तिने तीच घेतली.

आई, आता मी तुझ्यावर सोडणार नाही. आता मीच उतरवतो.

१५ ऑक्टोबर

घट बसले. नवरात्रात अर्ध्या गावाची दाढी वाढते. माझी आता कोणाला दिसत नाही. रहीमभाई घरी आला, बाजेवर बसला, चहा घेतला.

"काय बोलशीन शनिवारी ट्रस्टीइपुढे?"

"खरं."

"खरं तं लय प्रकारचं रायते वस्ताद. तुझं कोनतं?"

त्याला नवस सांगितला. रहीमभाईने कप खाली ठेवला. म्हणाला, "अन् मी दुआ मागून राह्यलो होतो तुझ्यासाठी. जुम्म्याले. दोन महिने." उठला. जाताना हसला नाही.

सिंधू रोज जाते. सात मुलं झाली तिच्या हाताने, ती बोटं मोजून सांगते. मी शनिवारी तोंड उघडलं तर वर्ग राहील का जाईल, हे ती विचारत नाही. मीही बोलत नाही. एका घरात दोघं वस्तऱ्याच्या धारेवरून चालतो आहोत आणि मधे तिची आई भाकरी वाढते.

१८ ऑक्टोबर, शनिवार

लिहितो. झोप येणार नाही.

पाच ट्रस्टी, डॉक्टरसाहेब, मो. बाई, कमल भिंतीशी. बाहेर दाराआड पोरी, त्यात सिंधू. मी धोपटी उघडून सगळे वस्तरे टेबलावर मांडले. शेठजी म्हणाले, दाखव धार. मी माझ्या अंगाला लावू शकत नव्हतो. चपराशाने हात पुढे केला. एकदाच फिरवला. हात पोराच्या गालासारखा झाला. वकील ट्रस्टी म्हणाले, "वस्तऱ्यात दोष नाही."

"मग कोणाच्यात?" शेठजी.

मो. बाईचा हात टोपीकडे गेला आणि टोपी दाबून धरली. वारा नव्हता.

मी म्हटलं, "पोरीच्यात नाही. तिले कोणी वस्तरा धरायला शिकवलं नाही."

"शिकवायचं काम कोणाचं?"

मला बोलावंच लागलं नाही. मी फक्त मो. बाईकडे पाहिलं, आणि माझ्यापाठोपाठ सगळ्यांनी पाहिलं. इतकं सोपं होतं.

ती म्हणाली, "माझं. माझंच काम होतं."

तिने दोन मिनिटं आपली बाजू सांगितली असती तर मला हरकत नव्हती. एकटी होते, झोप नव्हती, दुसरी सिस्टर मागून मागून थकले, काहीही. सगळं खरंच होतं. सांगितलं नाही. शेठजी म्हणाले, नवीन सिस्टर येईपर्यंत वर्ग बंद, आणि तुम्ही आजपासून कामावर नाही. "टोपी ठेवा इथं. इस्पितळाची आहे."

तिने टाचण्या काढल्या. एक, एक. टोपी वस्तऱ्यांशेजारी ठेवली. केस खरंच लांब आहेत. पिकलेले. गाठ सैल होऊन मानेवर आली. ती रडली नाही.

मला वाटलं होतं छाती थंड होईल. थंड झाली. खोटं लिहीत नाही. दोन श्वास घेईपर्यंत थंड होती.

मग कमल दिसली. ती शेठजींकडे नाही, बाईकडे नाही, माझ्याकडे पाहत होती. "काका, वस्तरा कसा धरू" हे तिने तिथे सांगितलं असतं तर. सांगितलं नाही. फक्त पाहत राहिली.

मला कामावर परत घेतलं.

२० ऑक्टोबर

वर्ग बंद, पण मो. बाई खोली सोडून गेली नाही. व्हरांड्यात सतरंजी टाकून कापडाची बाहुली घेऊन बसते. सिंधू जाते, आणखी दोन पोरी जातात. डॉक्टरसाहेब न पाहिल्यासारखं करतात. परीक्षा डिसेंबरात आहे. डोक्यावर टोपी नाही, पदर घेते. पगारही नाही.

बाईने सिंधूजवळ मला निरोप पाठवला: "तुमची मुलगी परत शिकायला लागली. नवस फळला. आता फेडून टाका, दाढी बरी दिसत नाही."

सिंधूने निरोप शब्दाला शब्द सांगितला आणि माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. तिला ठाऊक आहे. रहीमभाईने सांगितलं, की तिनेच ओळखलं, कोण जाणे.

"कवा फेडता बाबा?"

"पाहू."

"केळापूरच्या देवीले काय सांगसान? कोन्या कामाचा होता म्हून?"

नवस फळला की फेडावा लागतो. नाही फेडला तर तो घरावर उलटतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. आणि फेडला तर मीच पायरीवर केस ठेवून कबूल करतो की हे मी मागितलं होतं. राग गेला आहे का? नाही. तिने "वस्तऱ्याला धार नसेल" म्हटलं ते अजून कानात आहे. सिंधू दाराबाहेर उभी आहे ते अजून डोळ्यांत आहे. टोपी उतरली म्हणून ते दोन्ही उतरलं नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. खंडेनवमी

सकाळी वस्तरे, कात्र्या, दगड, पट्टा, सगळं धुऊन पाटावर मांडलं. हळद-कुंकू, झेंडूची फुलं. आज हत्याराला हात लावायचा नाही, आज त्यांचा दिवस. रहीमभाईसुद्धा त्याचे पाने-पकडी पुसून ठेवतो, गिऱ्हाइकांच्या मानासाठी म्हणतो. आज आला नाही.

पूजा उरकली आणि दारात कमल. आत आली नाही. मला वाटलं शिव्या देईल. तयारीत होतो.

"काका, बाई म्हनते, मले वस्तरा आला नाही तं परीक्षेले बसवनार नाही. बाहुलीवर सारं शिकवते. वस्तरा बाहुलीवर येत नाही."

मी पाटावरचं फूल सरळ केलं.

"तुमी म्हनलं होतं बाईले विचार. विचारलं. बाई म्हनते, काकाले विचार."

सिंधूची आई आतून ओरडली, "आज हत्यार उचलत नसते वं! दसरा होऊ दे."

कमल हलली नाही. माझ्या दाढीकडे पाहत होती. वस्तरा शिकायचा तर केस लागतात, आणि या गावात आपला गाल कापऱ्या हाती द्यायला कोण तयार होणार, हे मलाही कळत होतं. दाढी देवीची आहे. पण केस जमिनीवर पडल्यावर गोळा करून नेता येतात. ते कोणी कापले, असं मी नवसात बोललो नव्हतो.

म्हटलं, "परवा ये. सकाळी."

"येतो काका." गेली.

ती गेल्यावर पाटासमोर बसलो आहे. सगळ्यात मोठा वस्तरा मधे, फुलाखाली. धार मीच दिलेली, चपराशाच्या हातावर चालली तीच. परवा तो तिच्या हातात असेल आणि मान वर करून मी बसलेला असेन. त्या दुपारी मी तिला हाकलली, ते तिला आठवतं. ट्रस्टींसमोर ती गप्प राहिली. का राहिली, हे मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

तिने कोणत्या देवाला काय मागितलं आहे, मला ठाऊक नाही.